ओसीआरई: झिजलेलं रोमन ब्रॉन्झ नाणं ओळखायचं असेल तर

रोमन ब्रॉन्झ नाण्यांवर नजर बसवायची असेल तर ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’, म्हणजेच ओसीआरई, या वेबसाइटला तोड नाही. पाचपैकी साडेचार तारे. फुकट आहे आणि लॉगिनही लागत नाही. तरी पहिल्याच दिवशी अनेक जण वैतागून ती बंद करतात. शोधपट्टीत ‘दोन सैनिक’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले की नोंदींचा ढीग अंगावर येतो आणि त्यातलं आपलं नाणं कुठलं ते कळत नाही. यात दोष वेबसाइटचा थोडा, वापरण्याच्या पद्धतीचा जास्त. म्हणून इथे गुणदोषांइतकीच जागा ती कुठल्या क्रमाने वापरायची याला दिली आहे.

न्यूयॉर्कची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठाची प्राचीन जगाचा अभ्यास करणारी संस्था यांनी मिळून 2012 मध्ये हे काम लोकांसमोर आणलं. त्याचा पाया ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही छापील सूची. नाणेवाले तिला आरआयसी म्हणतात. पहिला खंड 1923 चा, दहावा 1994 चा. पहिला सम्राट ऑगस्टसपासून (इ.स.पू. 31) सम्राट झेनोच्या मृत्यूपर्यंत (इ.स. 491) साम्राज्याच्या टांकसाळींत पाडलेल्या नाण्यांचे 43 हजारांहून जास्त प्रकार इथे आहेत. प्रत्येक प्रकाराला वेगळं पान. त्यावर दोन्ही बाजूंचा लेख (म्हणजे नाण्यावरची अक्षरं), चित्राचं वर्णन, टांकसाळ आणि काळ. खाली ब्रिटिश म्युझियम, बर्लिनचं नाणेसंग्रहालय, खुद्द न्यूयॉर्कची सोसायटी अशा संग्रहांतली प्रत्यक्ष नाणी, बहुतेकांचे फोटो आणि वजन-मापासह. ज्या जाडजूड खंडांसाठी पूर्वी एखादं मोठं ग्रंथालय गाठावं लागायचं, ते आता फोनवर उघडतात.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की हवी. ही प्रकारांची सूची आहे. तुमच्या हातातल्या नाण्याबद्दल तिला काहीच ठाऊक नसतं. तुम्ही नाण्यावरून जितकं नीट वाचून घ्याल तितकंच ती परत देते. शिवराई वाचायची सवय असलेल्यांना हे पटकन कळेल. ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने ‘श्री राजा शिव’मधला एखादा तुकडाच उमटलेला असतो, आणि जाणकार त्या तुकड्याच्या वळणावरूनच नाणं लावतो. चौथ्या शतकातल्या लहान रोमन नाण्यांचं तसंच आहे. अर्धा लेख चकतीच्या बाहेर गेलेला असतो, उरलेल्यातला निम्मा झिजलेला.

वेबसाइट उघडण्याआधी दहा मिनिटं नाण्याला द्या. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि मिलिमीटरची पट्टी लागेल. वजन आणि व्यास कागदावर लिहा. मग खोलीतला दिवा बंद करून एकच टॉर्च नाण्याच्या वरच्या डाव्या बाजूने जवळजवळ आडवी धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. समोरून पडलेल्या उजेडात अक्षरं गायब होतात, तिरप्या उजेडात त्यांच्या कडांना सावली येते. फोटो काढून काळा-पांढरा करा, हिरव्या-तपकिरी थराचे डाग डोळ्यांना फसवायचे थांबतात. लेख दिसत नाही म्हणून नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावलं तर वरचा थर जातो, आणि बऱ्याच नाण्यांवर अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात. खालच्या धातूत ती केव्हाच विरलेली असतात. पोपटी रंगाची भुकटी कुठे सुटताना दिसली तर तो ‘ब्रॉन्झ डिसीज’. क्लोराइड आणि दमट हवा मिळून धातू खातात. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढून सिलिका जेलसोबत कोरडं ठेवा. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हे हमखास होतं.

वजन-व्यासाचा उपयोग लगेच होतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं सेस्टर्शियस हे मोठं नाणं साधारण 25 ग्रॅम आणि 32 ते 35 मिलिमीटर, तळहातावर जड लागणारं. ड्युपॉन्डियस 12 ते 13 ग्रॅम, आस 10 ते 11. ही शेवटची दोन आकाराने सारखीच, 26 ते 28 मिलिमीटर. फरक धातूत आहे. ड्युपॉन्डियस पितळेचं, आस तांब्याचं. पण जमिनीत 1,900 वर्षं राहिल्यावर दोन्ही सारखीच काळपट-हिरवी होतात. त्यामुळे डोक्याकडे बघा. नीरोनंतर ड्युपॉन्डियसवर सम्राटाला बहुधा किरणांचा मुकुट असतो, आसवर पानांचा. ‘ब्रॉन्झ’ हा शब्द नाणेवाले तांबं, पितळ, कांसं सगळ्यालाच सरसकट वापरतात, म्हणून ओसीआरईत सुरुवातीलाच धातूची चाळणी (फिल्टर) लावू नका. चुकीची चाळणी लागली तर बरोबर नोंद यादीतून उडते आणि ती उडाल्याचं कळतही नाही.

आता सर्वांत जास्त भेटणारं नाणं घेऊ. 15 मिलिमीटर, दीड ग्रॅम. मागे दोन सैनिक भाला-ढाल घेऊन उभे, मध्ये निशाण. मागचा लेख ‘ग्लोरिया एक्सेर्सितुस’, सैन्याचा गौरव. पुढे उजवीकडे बघणारं डोकं आणि लेखातली फक्त ‘कॉन्स्टान’ एवढी अक्षरं.

इथे घाई केली की चूक ठरलेली. कॉन्स्टंटाइन पहिला, त्याच नावाचा त्याचा मुलगा, दुसरा मुलगा कॉन्स्टँटियस आणि तिसरा कॉन्स्टान्स, चौघांच्या नावात ‘कॉन्स्टान’ आहे. त्यामुळे पुढची दोन-तीन अक्षरं आणि नावाच्या आधी-नंतरचे शब्द शोधा. नावापुढे ‘मॅक्स ऑग’ (महान सम्राट) असेल तर बाप. ‘युन नॉब सी’ असेल तर त्याच नावाचा मुलगा. ‘फ्ल युल’ने सुरुवात आणि शेवटी ‘नॉब सी’ असेल तर कॉन्स्टँटियस किंवा कॉन्स्टान्स. लेख अगदीच गेला असेल तर डोक्यावर काय आहे ते पाहा. या मालिकेत सम्राट असलेल्या बापाला मण्या-फुलांचा पट्टा आहे, तर सीझर म्हणजे धाकटा सम्राट या पदावरच्या मुलांना पानांचा मुकुट आणि अंगावर चिलखत. 22 मे 337 ला बाप गेला आणि त्याच वर्षी 9 सप्टेंबरला तिन्ही मुलं सम्राट झाली. त्यानंतरच्या नाण्यांवर त्यांनाही पट्टा मिळतो आणि लेखात ‘ऑग’ येतं. डेल्मॅटियस हा पुतण्याही विसरू नका. तो 335 ते 337 एवढाच काळ सीझर होता आणि त्याची नाणी कमी आहेत, म्हणून ‘कॉन्स्टान’ न जुळणारा लेख दिसला की त्याचं नाव आधी तपासा.

मग निशाणं मोजा. दोन निशाणं असतील तर 330 ते 335, आणि नाणं साधारण 17-18 मिलिमीटर, अडीच ग्रॅमच्या आसपास. एक निशाण असेल तर 335 नंतरचं, लहान आणि हलकं. झिजलेल्या नाण्यावर एकाच निशाणाचा दांडा आणि शेजारच्या भाल्याची कड मिळून दोन निशाणांचा भास होतो. तिथे वजन निकाल लावतं. दीड ग्रॅमचं नाणं घेऊन दोन निशाणांच्या यादीत अर्धा तास घालवणारे पुष्कळ आहेत.

शेवटी सैनिकांच्या पायांखालच्या आडव्या रेघेच्या खाली बघा. टांकसाळीची खूण तिथे असते. ‘एसएमएएन’ म्हणजे अँटिओक, ‘एसएमटीएस’ थेस्सलोनिका, ‘एसएमएन’ निकोमीडिया, ‘एसएमके’ सिझिकस, ‘एसआयएस’ सिसिया, ‘टीआर’ ट्रियर, ‘पीएलजी’ लियाँ. सुरुवातीचं ‘एसएम’ म्हणजे पवित्र टांकसाळ. नंतरचं एखादं अक्षर, पूर्वेकडे बऱ्याचदा ग्रीक, हे त्या टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक. शोधताना हे कारखान्याचं अक्षर सोडून द्या. ते हमखास चुकीचं वाचलं जातं.

इतकं हाताशी आलं की ओसीआरईच्या ब्राउझ पानावर जा. आणि इथेच या वेबसाइटमधला सर्वांत मोठा सापळा आहे. डावीकडच्या चाळण्यांत ‘ऑथॉरिटी’ आणि ‘पोर्ट्रेट’ अशा दोन वेगळ्या चाळण्या आहेत. ऑथॉरिटी म्हणजे नाणं कोणाच्या सत्तेत पाडलं, पोर्ट्रेट म्हणजे त्यावर कोणाचा चेहरा आहे. सीझर कॉन्स्टँटियसचं नाणं बापाच्या सत्तेतलं असल्याने ऑथॉरिटीत मुलाचं नाव निवडलं तर ते सापडणारच नाही. चेहरा ओळखला असेल तर नेहमी पोर्ट्रेटच वापरा. राण्यांची, वारसांची आणि मृत नातेवाइकांच्या स्मरणार्थ पाडलेली नाणी सगळी याच फरकावर अडतात.

याचं सुंदर उदाहरण म्हणजे ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याचं आस. पुढे अग्रिप्पाचा करारी चेहरा आणि डोक्यावर जहाजांच्या चोचींचा मुकुट, कारण आरमारी विजय त्याचा. मागे समुद्रदेव नेपच्यून उभा, एका हातात छोटा डॉल्फिन, दुसऱ्यात त्रिशूळ, आणि दोन्ही बाजूंना मोठी ‘एस’ आणि ‘सी’, म्हणजे सेनेटच्या ठरावाने. अग्रिप्पा इ.स.पू. 12 मध्ये वारला. हे नाणं त्याचा नातू सम्राट कॅलिग्युला याच्या काळातलं मानतात. म्हणजे ऑथॉरिटी कॅलिग्युला, पोर्ट्रेट अग्रिप्पा. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पाहिलेल्यांना हा त्रिशूळवाला देव अनोळखी वाटणार नाही. नाण्यावरचा नेपच्यून हा त्याचाच रोमन अवतार.

ब्राउझ पानावर पोर्ट्रेट, टांकसाळ आणि मग मागच्या लेखातला एकच स्पष्ट शब्द, या क्रमाने गाळत जा. लेख टाइप करताना ‘यू’च्या जागी ‘व्ही’ टाका, कारण नाण्यावर आणि सूचीत तेच अक्षर आहे. पूर्ण लेख टाइप करायचा मोह टाळा, एक अक्षर चुकलं की यादी रिकामी येते. ज्यांना सम्राटाच्या नावापासूनच अडचण आहे त्यांच्यासाठी नाणं ओळखायचं वेगळं पानही आहे, तिथे चेहऱ्यांचे नमुने बघून निवडता येतं. पहिल्या दोन शतकांसाठी ते उत्तम चालतं. नीरोची जाड मान आणि कपाळावरचे पायऱ्यांसारखे केस, व्हेस्पेशियनचं टक्कल, हेड्रियनची दाढी हे एकदा पाहिलं की विसरत नाही. चौथ्या शतकात मात्र चेहरा ही व्यक्तीची ओळख राहत नाही. डायोक्लेशियन आणि त्याचे सहसम्राट यांची डोकी तर मुद्दामच एकसारखी, चौकोनी केलेली आहेत. चौघे एकच सत्ता आहेत असं त्यातून सांगायचं होतं. तिथे चेहऱ्यांच्या नमुन्यांवर विसंबू नका.

यादीत जुळणारा प्रकार मिळाला की त्याचा क्रमांक लिहिताना आणखी एक चूक टाळा. आरआयसीचे पहिले पाच खंड सम्राटांनुसार लावलेले आहेत, सहा ते नऊ टांकसाळींनुसार, आणि प्रत्येक टांकसाळीला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे ‘आरआयसी 7, क्र. 86’ याला काहीही अर्थ नाही. ‘आरआयसी 7, अँटिओक 86’ असं लिहिलं तरच पुरं. विक्रीला आलेल्या नाण्यांच्या पाकिटांवर हा घोळ सर्रास दिसतो. टांकसाळ न लिहिलेला क्रमांक दिसला की विकणाऱ्याने नाणं स्वतः ओळखलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

चित्रावरून शोधायचं झालं तर ओसीआरई कधी कमाल करते, कधी दगा देते. ‘डीइटी’ ही देवतांची चाळणी चांगली आहे. लेख गेलेला, पण हातातलं तागडं आणि काखेतलं समृद्धीचं शिंग दिसतंय, एवढ्यावर यादी बरीच लहान होते. तरी तागडं-शिंग घेतलेली स्त्री इक्विटास म्हणजे समन्याय असू शकते किंवा मोनेटा म्हणजे टांकसाळीची देवता, आणि चित्र दोघींचं एकच. लेख वाचता आला नाही तर दोन्ही नावांनी शोधून दोन्ही शक्यता लिहून ठेवा. दगा मिळतो तो वर्णनाच्या शब्दांत शोधताना. खंड वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या दशकांत लिहिले, त्यामुळे एकाच चित्राचं वर्णन प्रत्येक खंडात निराळ्या शब्दांत येतं आणि ओसीआरईने ते जसंच्या तसं घेतलं आहे. म्हणून शक्यतो वस्तूचं एकच इंग्रजी नाव टाका, क्रियापदं नकोत. ‘भाला मारणारा’ नको, ‘घोडेस्वार’ चालेल.

घोडेस्वारावरून आठवण झाली ती 348 नंतरच्या ‘फेल टेम्प रेपाराटिओ’ मालिकेची, म्हणजे सुखाचे दिवस परत आले अशी ग्वाही. रोमच्या स्थापनेची 1,100 वर्षं त्याच सुमारास भरली. बाजारातल्या अडाणी माणसालाही कळावं असं चित्र: रोमन सैनिक घोड्यावरच्या शत्रूला भोसकतोय. सूचीत मात्र तो शत्रू घोड्याच्या मानेला मिठी मारतोय, मागे हात करतोय, की जमिनीवर बसलाय, यावर प्रकार बदलतो. हे तपशील फोटोंशी ताडल्याशिवाय ठरत नाहीत, आणि इथे ओसीआरईचे फोटो छापील खंडांपेक्षा कैक पटींनी कामाचे. ताडताना पानावरचं सर्वांत देखणं नाणं घेऊ नका. यादीतलं सर्वांत झिजलेलं शोधा, तुमचं त्याच्यासारखं दिसतं.

नीरोच्या नाण्यांत बारकाव्याची मजा आणखी आहे. लढाया थांबल्या म्हणून जेनस या देवाच्या मंदिराचं दार बंद केल्याचं त्याने ब्रॉन्झवर कोरून घेतलं. त्या मंदिराच्या जाळीदार खिडकीच्या उजवीकडे दार आहे की डावीकडे, यावर क्रमांक बदलतो. शिवाय मानेच्या खालच्या टोकाला छोटासा गोळा असेल तर नाणं लुग्डुनमचं, म्हणजे आजच्या लियाँचं. नसेल तर रोमचं. तिथेच जर मातीचा खडा चिकटलेला असेल तर टांकसाळच बदलून जाते, म्हणून भिंगाखाली खात्री करा.

आता अर्धा तारा कशासाठी कापला ते. पाचवा खंड 1927 आणि 1933 चा. तिसऱ्या शतकातल्या टांकसाळींची त्यातली विभागणी आजच्या संशोधनाशी अनेक ठिकाणी जुळत नाही, आणि गॅलिएनस, क्लॉडियस दुसरा, ऑरेलियन या सम्राटांची नाणी लावताना ते त्रासदायक ठरतं. कित्येक प्रकारांना एकही फोटो नाही. एखाद्या पानावर दोनच नाणी दिसली म्हणून ते दुर्मीळ, असा निष्कर्ष काढू नका. संग्रहालयं साध्या नाण्याच्या शंभर प्रती ठेवत नाहीत, त्यामुळे तिथली संख्या बाजारातली संख्या नव्हे. किमती इथे नाहीत, आणि नसाव्यातच.

खरं-खोटंही ही सूची सांगत नाही. साच्यात ओतलेल्या नकलेचा लेख आणि चित्र अस्सलसारखंच असतं, त्यामुळे तीही इथे बिनचूक जुळते. नकलेसाठी कडेवरची ओतीव रेघ, पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं आणि जुळून न येणारं वजन बघा. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी दा कव्हिनोने सेस्टर्शियसच्या इतक्या सुबक नकला केल्या की त्यांचाच आता वेगळा संग्रह होतो.

आणि सूचीत नसलेली नाणी. ग्रीक लेखांची, पूर्वेकडच्या शहरांनी पाडलेली नाणी इथे मिळणार नाहीत. त्यासाठी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन’ ही वेगळी साइट आहे, तीही फुकट. तमिळनाडूत करूर-मदुराईकडे आणि श्रीलंकेत उशिराच्या काळातली लहान रोमन तांब्याची नाणी मिळतात, त्यांत स्थानिक नकलाही आहेत. त्या नकला या सूचीत बसत नाहीत, ओढूनताणून बसवू नका.

भाषेचा अडसर मोठा नाही. पाच शब्द कागदावर लिहून फोनशेजारी ठेवा: लॉरिएट म्हणजे पानांचा मुकुट, रेडिएट म्हणजे किरणांचा, डायडेम्ड म्हणजे पट्टा, क्युरास्ड म्हणजे चिलखत, ड्रेप्ड म्हणजे खांद्यावर वस्त्र. निम्मी पानं एवढ्यावर वाचता येतात. चाळण्या मात्र फोनवर अडचणीच्या वाटतात, लॅपटॉप असेल तर तोच घ्या.

ओळख झाल्यावर नोंद अशी करा: सम्राट, पद, टांकसाळ, काळ, आरआयसीचा खंड-टांकसाळ-क्रमांक, वजन, व्यास, आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांची परस्पर दिशा घड्याळाच्या तासांत. जी अक्षरं डोळ्यांनी दिसली ती तशीच लिहा, जी सूचीवरून भरली ती चौकोनी कंसात टाका. टांकसाळीची खूण वाचता आली नसेल तर क्रमांक लिहू नका, ‘टांकसाळ अवाच्य’ एवढंच लिहा. पुढे कधी चांगल्या उजेडात ते अक्षर सापडलं तर कंस काढता येतो.